पिक्चर भरून मिळेल

थिएटर प्रिंटमध्ये एक माणूस हमखास असायचा. प्रसंग ऐन रंगात आला की तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून डोकं वर काढायचा, उभा राहायचा, पँट सावरायचा आणि नायिकेच्या चेहऱ्यावरून चालत चालत उजवीकडे निघून जायचा. परत यायचा तेव्हा नायिका रडत असायची आणि हा तिच्या डोळ्यांवर आपली खुर्ची शोधत फिरायचा. मुंबईतल्या की पुण्यातल्या कुठल्याशा थिएटरात कुणीतरी मांडीवर कॅमेरा लपवून तो पिक्चर टिपलेला असे. अख्ख्या मराठवाड्याने आपल्याला पाहिलं, याचा त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नसे. श्रेयनामावलीत त्याचं नाव कधी आलं नाही. पण उदगीरच्या आमच्या गल्लीत 'बस की बे खाली' म्हणून टीव्हीवर खेकसणारे त्याचे सख्खे परिचित होते. त्याच्या सोबतीला एक खोकणारे आजोबा असत, एक कंटाळलेलं मूल असे, आणि अंधारात खदखदून हसणारी न दिसणारी माणसं असत. आवाज इतका खरखरीत की अर्धे संवाद कळतच नसत. पण ती माणसं हसली की विनोद झाला हे आम्ही ओळखायचो आणि पाठोपाठ हसून घ्यायचो. चोरीचाच माल, पण त्यात माणसांची केवढी सोबत होती!

उदगीरला फुकटचा, निदान स्वस्तातला पिक्चर अनेक रूपांनी आला. आधी आला तो 'व्हिडिओ'. गल्लीने वर्गणी काढायची, मग कुणाच्या तरी ओसरीवर टीव्ही आणि व्हीसीआर घोंगडीत गुंडाळून, दवाखान्यातून घरी आणलेल्या म्हाताऱ्यासारखा जपून उतरवला जायचा. एका रात्रीत तीन पिक्चर. पहिल्याला सगळे जागे, दुसऱ्याला निम्मे, आणि तिसऱ्याला फक्त व्हिडिओवाला पोरगा, तोही बसल्या बसल्या घोरणारा. चित्राला मुंग्या आल्या की तो झोपेतून उठे, झाकण उघडे आणि कुणाकडून तरी कोरी करकरीत नोट मागून घेऊन तिच्या कडेने व्हीसीआरचं 'हेड' पुशी. नोट पुन्हा मालकाच्या खिशात जाई. पिक्चर बनवणाऱ्याच्या कामी आमचा पैसा आला असेल तर तो एवढाच, पुसण्यापुरता. तिकडे दिल्लीत 1984 साली सरकारने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा त्यात समावेश केला आणि शिक्षाही वाढवली. ती बातमी आमच्या ओसरीपर्यंत पोचली नसावी. पोचली असती तरी तिसरा पिक्चर संपेपर्यंत कुणी उठलं नसतं.

मग केबल आली. रात्री जेवणं झाली की केबलवाला त्याच शुक्रवारी लागलेला पिक्चर बिनधास्त लावून द्यायचा. पडद्याच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकत असे: साड्यांचा सेल, दहावीच्या शिकवण्या, मोंढ्याजवळ प्लॉट विकणे आहे. वर नायकाची आई शेवटचा श्वास घेत असताना खालून 'देवणी जातीची गाय हरवली आहे, शिंगाला निळा रंग' हे सावकाश सरकत गेलेलं मला स्पष्ट आठवतं. त्या रात्री घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईसाठी किती आणि गाईसाठी किती, ते देवालाच माहीत. पुढे सीडी आल्या, त्या हातगाडीवर काकडीशेजारी मिळू लागल्या. आणि शेवटी मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या: 'गाणी, पिक्चर भरून मिळतील.' गिऱ्हाइकाने नखाएवढं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं. पोरगा विचारणार, 'कितीचं हाय? काय भरू?' आणि गिऱ्हाईक राशनच्या दुकानात रॉकेलचा डबा पुढे केल्यासारखं म्हणणार, 'भर की कायबी. नवं भर.' कुठला पिक्चर, कुणाचा पिक्चर, ही चौकशी नाही. डबा भरल्याशी कारण.

याच डब्यातून 'सैराट' आला. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, म्हणजे भाषेने आणि उन्हाने आमच्या जवळचेच. 29 एप्रिल 2016 ला पिक्चर लागला आणि माणसं टेम्पो करकरून तालुक्याला निघाली. साताऱ्याकडे रहिमतपूरला तर रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागल्याच्या बातम्या होत्या. शंभर कोटींचा पल्ला गाठणारा हा पहिला मराठी पिक्चर. पण काही दिवसांतच त्याची चोरटी प्रतही फोनाफोनांतून फिरायला लागली. एका फोनभोवती आठ डोकी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नायिकेचा, आर्चीचा आठवा हिस्सा. ज्यांनी तो पिक्चर थिएटरात पाहिला त्यांना त्याचा शेवट आठवत असेल: सगळा आवाज थांबतो. संगीत नाही, किंकाळी नाही. भरलेलं थिएटर एकदम गप्प होतं आणि पाचशे माणसांचं गप्प होणं काय असतं ते तुम्ही आयुष्यात विसरत नाही. फोनवर बघणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? आवाज गेला, एवढंच. लिंबाच्या पारावर बसलेल्या त्या आठांपैकी एकाने फोन तळहातावर दोनदा आपटला आणि म्हणाला, 'आवाज गेला वाटतं बे.' दुसऱ्याने बटण दाबून वाढवून पाहिला. तोवर पिक्चर संपला होता. बाकी सगळं चोरीच्या प्रतीत उतरलं होतं. शांतता तेवढी उतरली नाही. ती तिकीट काढून आत गेलेल्यांच्याच मालकीची राहिली.

त्याच वर्षी, मे महिन्यात, फ्रान्समध्ये कान महोत्सवात महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबू सिनेमांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट दाखवला गेला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी तो केला आणि तिथे त्याचं खास कौतुक झालं. आमच्याकडे जत्रा म्हटली की माळेगावची, खंडोबाची. घोडे, गाढवं, तमाशाच्या राहुट्या, आणि त्यांत पिक्चरचा तंबू. तंबूच्या कनातीखालून पोरं सरपटत आत शिरायची. दारावरच्या माणसाला ते दिसत नसे असं नाही. तो पाय आपटायचा, ओरडायचा, आणि मग मान वळवून बिडी पेटवायचा. त्याला आतली पोरं नेमकी किती, हे पक्कं ठाऊक असे. पडदा फाटला किंवा वारा सुटला तर हाका मारून बाहेर काढायला तोच पुढे. कनातीखालून घुसलेलं पोरसुद्धा त्याच्या हिशेबात होतं. फुकट आत येणं आणि हिशेबात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळायला मधे बराच काळ जावा लागला.

कारण आताचं फुकट निराळं आहे. चोरट्या साइटवरच्या प्रतीत तो उठून जाणारा माणूस नाही, आजोबांचा खोकला नाही. प्रिंट काचेसारखी स्वच्छ. भोवती मात्र ओसाड. पुतण्या एकदा अशीच एक साइट उघडून बसला होता, तेव्हा मी चष्मा पुसून शेजारी बसलो. 'डाउनलोड' नावाची सात बटणं होती, त्यांतलं खरं एक. आमच्या किल्ल्याच्या दरवाजांची वाट अशीच मुद्दाम वाकडी बांधलेली आहे, चालून येणाऱ्याला समोरचं दार दिसू नये म्हणून. पण तिथे निदान आपण शत्रू आहोत हे चालून येणाऱ्याला माहीत असायचं. पहिलं बटण दाबलं तर रमीचा अड्डा उघडला. दुसऱ्याने फोनमध्ये तेरा व्हायरस सापडल्याची घाबरट सूचना दिली आणि तेच काढून द्यायचीही तयारी दाखवली. तिसरं बटण दाबलं आणि नेमक्या त्याच वेळी चहा घेऊन आलेल्या आमच्या अक्काने मोठ्याने वाचलं, 'उदगीरजवळच्या तीन तरुणींना तुमच्याशी बोलायचंय.' अक्का म्हणाली, 'मग बोल की. ह्याच्या लग्नाचं बघूलालाव तर कुठं जमूलालंय?' पुतण्याने फोन उपडा ठेवला. त्या दिवशीचा पिक्चर तिथेच संपला आणि मला तो आवडला.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नसतं. शेवटी ती साइट म्हणते, आमचं अ‍ॅप घ्या, मग जाहिरातींचा त्रास नाही. हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरचं नव्हे, बाहेरून उतरवून घ्यायची एपीके फाइल. ती आल्या आल्या परवानग्या मागते: मेसेज वाचू द्या, संपर्क बघू द्या, स्क्रीनवर काय चाललंय ते बघू द्या. पिक्चर दाखवणाऱ्याला माझे मेसेज वाचायची एवढी हौस कशाला, हा प्रश्न त्या क्षणी कुणालाच पडत नाही, कारण नायक एव्हाना रेल्वेवर उभा असतो. पण बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. तो आपल्या आधी दुसऱ्याने वाचला की सोयाबीनची पट्टी, पोराची फी, पेन्शन, सगळं एका रात्रीत भलत्याच गावाला जातं. बायका-माणसांनी पै-पै करून साठवलेलं जातं आणि कसं गेलं ते सांगायचीही चोरी, कारण सुरुवात चोरीच्या पिक्चरपासून झालेली. त्या लाजेवरच हा धंदा चालतो. असं कुणाचं झालं तर लाज बाजूला ठेवावी आणि लगेच 1930 ला फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

या साइटी बंद का होत नाहीत, असं विचारणाऱ्याने रक्तबीजाची गोष्ट आठवावी. थेंब सांडला की नवा राक्षस. एक नाव बंद केलं की संध्याकाळपर्यंत तीच साइट शेपटीला एक अक्षर लावून हजर. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 च्या एप्रिलमध्ये यावर तोड काढली, की एकदा आदेश निघाला की त्याच साइटीची पुढची बदललेली रूपंही त्यात ओढता यावीत, प्रत्येक वेळी नवा खटला नको. 2023 साली संसदेने सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला: चोरून टिपणाऱ्याला नि पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड तीन लाखांपासून पिक्चरच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. पण मला सगळ्यांत मोह पडतो तो आपल्या महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्याचा, ज्याला पोलीस 'एमपीडीए' म्हणतात. वर्षानुवर्षं नवे पाहुणे आले आणि नाव लांबत गेलं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, आणि 2009 पासून 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती', त्यांच्यामागून वाळूतस्कर. या ओळीत आमचा तो झोपाळू व्हिडिओवाला पोरगा कल्पनेने बसवून बघतो, एकीकडे धोकादायक व्यक्ती, दुसरीकडे वाळूतस्कर, आणि मधे हा, हातात कोरी नोट घेऊन. मला भरून येतं. पण कायद्याचं चुकलं असं म्हणवत नाही. त्या पोराच्या जागी आज जे बसले आहेत ते झोपाळू नाहीत.

2025 च्या नोव्हेंबरात हैदराबाद पोलिसांनी तेलुगू पिक्चरांच्या 'आयबोम्मा' या चोरट्या साइटीमागे असल्याच्या आरोपाखाली एकाला पकडलं. उदगीरला हैदराबाद काही परकं नाही. आमची हिंदी अजून तिकडच्याच वळणाची, आणि तेलुगू पिक्चरचे शौकीन गल्लोगल्ली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे लाखो प्रेक्षकांची माहिती तिथे जमा झाली होती आणि साइटीवरून सट्ट्याच्या अ‍ॅपांची जाहिरात होत होती. बातमी वाचून मी बराच वेळ पेपर घडी घालून बसलो. म्हणजे फुकट बघणाऱ्याचीही नोंद होते! आपण समजतो, अंधारात गुपचूप आलो नि गुपचूप गेलो. पण तिथे हजेरी लागलेली असते, फक्त भलत्याच वहीत: प्रेक्षकांच्या नव्हे, सावजांच्या.

आणि हजेरीचं आम्हा मराठवाड्याच्या माणसांना मोठं दुखणं आहे. आमची जन्माची तक्रारच ही, की आम्हाला कुणी धरत नाही. पाण्यात धरत नाहीत, रेल्वेत धरत नाहीत, अनुशेषाच्या तक्त्यात तेवढं धरतात. इतिहासातही तेच. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते या उदगीरला; पण पुस्तकात आम्हाला एक ओळ मिळते, तीही लेखकाला पानिपतला जायची घाई असताना. 2022 च्या एप्रिलमध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली 95 वं साहित्य संमेलन आमच्याकडे भरलं, तेव्हा रणरणत्या उन्हात माणसं मंडपात बसून होती. भाषणं सगळ्यांनाच कळत होती असं नाही. पण आम्ही आहोत, हे कुणीतरी बघतंय, याचं सुख उन्हापेक्षा मोठं होतं. आणि तीच माणसं मराठी पिक्चर बघतात कुठे, तर जिथे उदगीरच्या नावाने कुणाच्याच वहीत एकही रेघ उमटत नाही. मग मुंबईतला वितरक हिशेब काढतो आणि म्हणतो, उदगीरला मराठी चालत नाही. पुढचा पिक्चर इथे लागतच नाही, किंवा लागून आठवड्यात उतरतो. मग आम्ही म्हणतो, लागतच नाही तर बघायचा कुठे, आणि पुन्हा सात बटणांतलं खरं बटण शोधायला लागतो. बाभळीभोवती बांधलेल्या शेळीने दोरी गुंडाळत गुंडाळत शेवटी बाभळीलाच टेकावं, तसा हा प्रकार.

तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एक पिक्चर झी5 वर, दुसरा प्राइमवर, तिसरा जिओहॉटस्टारवर, जुना आवडता अल्ट्रा झकासवर. सगळ्यांचे हप्ते भरायचे तर घरच्या म्हशीने जादा दूध द्यायला हवं. पण सगळे एकदम कुणी भरायला सांगितलेत? एक घ्यावं, त्यातलं बघून संपवावं, मग दुसरं. कित्येक पिक्चर निर्मात्यांनी स्वतःच यूट्यूबवर मोकळे ठेवलेत. प्रसारभारतीचं 'वेव्हज' 2024 च्या नोव्हेंबरात गोव्यात सुरू झालं, त्यावर पुष्कळ काही विनामूल्य आहे. आणि ज्यांना फुकटच हवं त्यांच्यासाठी कायद्याने एक राजमार्ग ठेवलाय, थोडा धीर मात्र लागतो. आपल्याकडे पिक्चरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. मग तो पिक्चर सगळ्यांचा. त्या हिशेबाने 'सैराट' 1 जानेवारी 2077 ला मोकळा होईल. नातवाला सांगून ठेवायला हरकत नाही.

प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' असा केव्हाच मोकळा झालाय. जरूर बघा. त्यात सालोमालो आहे: तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा आणि वर तुकोबांनाच चोर ठरवणारा. खुद्द तुकोबांच्या गाथेतही सालोमालोवर अभंग आहेत. म्हणजे पायरसीची तक्रार मराठीत साडेतीनशे वर्षांहून जुनी, आणि ती करणारा माणूस असा, की ज्याने पैशाचा हव्यास कधीच सोडून दिलेला. तुकोबांना अभंगाचे पैसे नको होते. ज्याचं आहे त्याचं ते राहावं, शब्दाला त्याचा धनी असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पिक्चरवाल्यांना पैसेही हवे असतात, कारण लाइटवाल्यापासून चहावाल्यापर्यंत शंभर घरं त्यावर चालतात. पण मूळ मागणं तेच आहे.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. गावात मराठी पिक्चर लागला तर पहिल्या आठवड्यात जा, दुसऱ्याची वाट बघू नका. निकाल पहिल्याच आठवड्यात लागतो. नाही लागला तर अधिकृत ठिकाणी शोधा, चार घरं मिळून एका घरी बसून बघा. कुणी एपीके पाठवली तर ती न उघडता पुसून टाका, मग पाठवणारा सख्खा मेव्हणा असला तरी. आणि तिकीट काढताना पैसे गेले असं मनात आणू नका. सव्वाशे-दीडशे रुपयांत उदगीरचं नाव मुंबईच्या वहीत चढतं, आणि इतक्या स्वस्तात आपल्या गावाचा अनुशेष दुसरीकडे कुठेच भरून निघत नाही.